जाळ्यांना बंदी, गळ मोकळा : उन्हाळ्याच्या अखेरीस मुंबईचा किनारा

मुंबई : पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी लागू होते आणि ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, चालते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ससून गोदी, भाऊचा धक्का आणि वर्सोवा येथे परतणाऱ्या नौकांची दाटी होते, जाळी उतरवली जातात, डागडुजीची कामे निघतात. याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर आणखी एक वर्ग पाण्याकडे डोळे लावून असतो. पहाटेच्या अंधारात गळाची काठी, रिळावर गुंडाळलेला तंगूस आणि डब्यात जिवंत कोळंबी घेऊन वांद्रे, वरळी, माहीम येथील खडकांवर किंवा ठाणे खाडीच्या काठावर उतरणारा हा हौशी मासेमार. १ जून ही तारीख त्याच्यासाठी नाही. बंदीचा आदेश नौकांना उद्देशून आहे. किनाऱ्यावर उभे राहून टाकलेल्या एकेका गळाचा त्यात विचारच केलेला नाही.

तसा विचार न केल्याने आजवर फारसे बिघडले नव्हते. गळाने निघणारी मासळी ती किती, आणि तिची कोळीवाड्याच्या जाळ्यांशी तुलना ती काय, असेच सर्वांचे म्हणणे होते. परंतु किनारा बदलला आहे, पाणी बदलले आहे आणि खुद्द उन्हाळाही ठरल्या दिवशी संपेनासा झाला आहे. या तिन्ही बदलांचा एकत्रित परिणाम नेमका अशा पंधरवड्यात दिसतो, जेव्हा मोठा मासा अंडी घालण्याच्या तयारीने खाडीच्या मुखाशी येतो.

प्रथम उन्हाळ्याविषयी. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. नोंदींच्या इतिहासातील ही सर्वांत लवकरची तारीख. त्यापूर्वीचा विक्रम १९५६ मधील २९ मेचा होता. म्हणजे त्या वर्षी बंदीचा पहिला दिवस उजाडण्याआधीच समुद्राने आपली बंदी लागू केली होती. त्याआधीच्या काही वर्षांत वादळांनी हेच केले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईला घासून गुजरातकडे गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. तापलेले पाणी हे त्यामागील प्रमुख कारण आहे.

मे महिन्यात मुंबईलगतच्या समुद्राचा पृष्ठभाग वर्षातील सर्वाधिक तापमानाला, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोचतो. माशाच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ प्राणवायूत मोजावा लागतो. एवढ्या तापलेल्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण सहा मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळू शकतो, आणि तोही पाणी स्वच्छ असेल तर. खाडीत तसे ते नसते. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहते. पण उन्हाळ्याच्या अखेरीस तलाव ओसंडत नाहीत आणि नदीत जे वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणीच असते. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना उरलासुरला प्राणवायू शोषून घेते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नान, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारीसाठीच्या सागरी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या १०० हून अधिक नसावी. मुंबईच्या खाड्या या निकषांपासून दूर आहेत, हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडू नये. माहीमच्या पुलावरून जाणारा प्रत्येक प्रवासी ते जाणतो. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणी नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. ती पूर्ण क्षमतेने चालू लागेपर्यंत उन्हाळ्यातील खाडीचे आरोग्य भरती-ओहोटीवरच अवलंबून राहणार.

भरती-ओहोटीचे गणित मात्र पक्के आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पाणी पूर्ण भरते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते. पंचांग आणि पाऊणकीचा पाढा एवढ्यावर काढलेली ही वेळ छापील कोष्टकापासून फार दूर पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरच्या घरात जाते, तर अष्टमीच्या भांगाला ती जेमतेम दीड-दोन मीटर असते. भांगाच्या दिवसांत खाडीचे पाणी पुरते बदलत नाही. तेच कोमट, गढूळ पाणी पुढेमागे होत राहते आणि मासा मुखाबाहेर, थोड्या थंड पाण्यात थांबतो. उलट उधाणाला प्रवाह इतका जोराचा असतो की तळाचा गाळ ढवळून निघतो, आमिष माशाला दिसत नाही आणि शिसेही तळाला टिकत नाही.

या दोहोंच्या मधले दिवस गळासाठी उत्तम. दशमी ते द्वादशीच्या दरम्यान भरती सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे उजाडण्याच्या वेळी पाणी चढते असते, आणि संध्याकाळीही मावळतीच्या प्रकाशात तेच घडते. प्रवाह पुरेसा, गाळ बेताचा आणि ऊन नाही, असा हा तास-दोन तासांचा योग. मे महिन्याच्या उत्तरार्धात असे चार-सहा दिवसच हाती लागतात. त्यांतील एक-दोन दिवस नैर्ऋत्येकडून येणारी लांब पल्ल्याची लाट खाऊन टाकते. ढग दिसण्यापूर्वीच ही लाट किनाऱ्याला लागते आणि खडकांपुढचे पाणी पांढरे करून सोडते. उरलेल्या दिवसांत शेंगाळा आणि बोय यांची खात्री धरता येते. उष्णता आणि घाण सोसण्यात हे दोन्ही मासे चिवट आहेत. खडकाळ जागी हेकरू आणि तांबोशी मिळते. रावस लागला तर तो दिवस मित्रांत वर्षभर सांगितला जातो. पण मेअखेरीस गळ टाकणाऱ्याच्या मनात असतो तो जिताडा.

जिताडा रायगडकरांच्या जेवणात मानाचा मासा आहे. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात तो तळ्यांत पोसला जातो आणि पाहुण्याच्या योग्यतेनुसार बाहेर काढला जातो. निसर्गात तो खाडीत आणि कांदळवनांच्या आडोशाने वाढतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालण्यासाठी खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी सरकतो. या माशाच्या आयुष्यातील एक वैशिष्ट्य मासेमारीच्या धोरणाला थेट भिडणारे आहे. जिताडा आधी नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी बनतो. त्यामुळे खूप मोठा जिताडा म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी, आणि तिच्या पोटात लाखो अंडी असतात. गळाला लागलेला मासा सांगताना वाढतो ही तक्रार जगभर एकच आहे. जिताड्याच्या बाबतीत मात्र तो खरोखरच मोठा असावा अशी हौस असते, आणि म्हणूनच हौशी मासेमारीचा घाव जाळ्यापेक्षा वेगळ्या जागी बसतो. जाळे लहानमोठे सारेच ओढते. गळ टाकणारा कुशल माणूस मोठ्या आमिषाने मोठाच मासा निवडतो, आणि तो निवडण्याचा सर्वांत सोयीचा काळ हाच, अंडी घालण्यापूर्वीचा पंधरवडा आहे.

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन १९८१ च्या कायद्याने होते आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. या साऱ्याचा रोख नौका, त्यांचे परवाने, जाळ्यांचे प्रकार आणि पर्ससीनसारख्या वादग्रस्त पद्धती यांवर आहे. २०२३ मध्ये राज्याने पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. लहान मासळी वाचवण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल होते, परंतु या आदेशाला खालचीच मर्यादा आहे. अमुक आकारापेक्षा मोठा मासा सोडून द्यावा, ही कल्पना त्यात नाही.

ती कल्पना याच माशाच्या बाबतीत अन्यत्र रुजली आहे. ऑस्ट्रेलियात ज्याला बॅरामंडी म्हणतात तो हाच जिताडा. तेथील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बॅरामंडी ठेवता येत नाही. तो पाण्यात परत सोडावा लागतो. शिवाय त्या राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी असा वीणीचा हंगाम गळासाठीही बंद असतो. तो तिथला पावसाळ्याच्या तोंडाचा काळ, म्हणजे मुंबईच्या मे-जूनसारखाच. तेथे बंदी आहे ती माशाच्या हंगामासाठी, पकडण्याच्या साधनासाठी नव्हे. हेच आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. दोन्हीकडील माशांची वाढ आणि प्रौढ होण्याचे वय यांत फरक असू शकतो. पण वरची मर्यादा ठरवण्यामागील तर्क इथेही तितकाच लागू पडतो.

भारतात अशी मर्यादा ठरवण्यातील पहिली अडचण आकड्यांची आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था देशातील मासळीच्या उत्पादनाचे जे अंदाज देते, ते किनाऱ्यावरील मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने केलेल्या नोंदींवर आधारलेले असतात. खडकावर धरलेला मासा अशा केंद्रावर येत नाही. तो पिशवीतून घरी जातो, शेजाऱ्याकडे जातो, क्वचित एखाद्या खानावळीत जातो. बंदीच्या काळात ताज्या समुद्री मासळीचा भाव चढलेला असतो, तेव्हा हौस आणि धंदा यांमधील रेघ पुसट होणे स्वाभाविक आहे. कोळीवाड्यांची नाराजी याच ठिकाणी आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने दोन महिने नौका बांधून ठेवायची आणि ज्याचा पगार दर महिन्याला खात्यात जमा होतो त्याने मात्र त्याच पाण्यातून अंड्यांनी भरलेला मासा काढायचा, हे समीकरण न्याय्य दिसत नाही. अर्थात बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना बंदीतून सूट आहे आणि कोळी समाजातही गळाची मासेमारी जुनी आहे. त्यामुळे सरसकट गळबंदी हा उपाय कोळीवाड्यालाच प्रथम बोचेल.

किनाऱ्याच्या बदलाने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतचा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी १११ हेक्टर भराव घालण्यात आला. हाजीअली आणि वरळीच्या ज्या खडकांवर ओहोटीच्या वेळी कालवे, खेकडे, कोळंबी दिसत, त्यांतील बराच भाग भरावाखाली गेला. तिथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून अन्यत्र लावाव्या लागल्या. वरळीच्या मच्छीमारांनी नौकांच्या ये-जा करण्याच्या वाटेसाठी दीर्घ लढा दिल्यावर पुलाच्या दोन खांबांमधील अंतर १२० मीटर करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये या मार्गालगतचा विहारपथ नागरिकांसाठी खुला झाला आणि कित्येक किलोमीटर लांबीचा नवा काठ, बांधकामाच्या दगडांसह, शहराला मिळाला.

दगडांच्या भेगांत हळूहळू शेवाळ धरते, लहान मासळी येते आणि तिच्यामागे हेकरू, तांबोशीही येते. त्यामुळे गळ टाकणाऱ्यांना अशा जागांचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. मात्र नैसर्गिक खडक आणि भरावाची भिंत यांत एक मोठा फरक आहे. खडकाचा उतार पाण्याला विरघळवतो, भिंत ते परत फेकते. लाटेच्या दिवशी भिंतीखाली उभ्या असलेल्या माणसाला पुढून येणारे आणि मागून उसळणारे असे दोन्ही पाणी सोसावे लागते. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडमध्ये घसरून अडकलेल्यांच्या बातम्या मुंबईकर अनेक वर्षे वाचत आले आहेत. बंदर परिसरातील जुने धक्के २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव आक्रसत गेले; हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतूनच शहरात शिरले होते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर वाहन थांबवण्यास मनाई आहे. म्हणजे समुद्राचा काठ लांबला, पण सुरक्षितपणे उभे राहून गळ टाकण्याची जागा वाढली असे म्हणता येत नाही.

पुढचा टप्पा याहून कळीचा आहे. वर्सोवा ते भाईंदर मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्षांना बाधा पोचणार आहे. जिताड्याची पिल्ले, तांबोशी आणि बोय यांचे बालपण याच मुळांच्या आडोशाला जाते. त्यांची भरपाई म्हणून दूरच्या जिल्ह्यात लावलेली झाडे मालाड-गोराईच्या खाडीतील पिल्लांच्या उपयोगाची नाहीत, हे वनखात्याच्या हिशेबात बसणारे वाक्य नसले तरी समुद्राच्या हिशेबात ते बसते.

आजमितीस गळ टाकणाऱ्यावर अंकुश आहे तो दोनच गोष्टींचा. एक म्हणजे वन्यजीव (संरक्षण) कायदा. २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित शार्क आणि पाकटांची यादी वाढली, त्यामुळे गळाला लागलेली प्रत्येक मुशी किंवा पाकट घरी नेता येतेच असे नाही. ती ओळखण्याचे शिक्षण मात्र किनाऱ्यावर कोणी देत नाही. दुसरा अंकुश स्वतःच घातलेला आहे. मुंबईतील काही हौशी मासेमार आता मासा मोजून, छायाचित्र काढून परत सोडू लागले आहेत. हा चांगला पायंडा आहे; पण उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. ३० अंशांच्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात पाच-दहा मिनिटे झुंजवलेला मासा थकून सोडल्यावरही मरण्याची शक्यता थंड पाण्यापेक्षा जास्त असते. त्याला तापलेल्या सिमेंटवर ठेवून छायाचित्र काढले तर ती आणखी वाढते. जाड तंगूस लावून मासा लवकर ओढणे, गळाचा काटा आधीच चेपून घेणे आणि माशाला पाण्यातच धरून मोकळे करणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. सकाळी नऊनंतर थांबणे हाही एक मार्ग आहे.

हवामानाच्या सूचनांची गत काहीशी अशीच आहे. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे आणि समुद्रस्थितीचे अंदाज मराठीसह किनारी भाषांत देते. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांत मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असे वाक्य असते. खडकावर उभा असलेला माणूस आपण समुद्रात गेलेलोच नाही असे समजतो. उधाणाच्या दिवशी पहाटे साडेपाच-सहाला ओहोटी पूर्ण होते. तेव्हा तो पाय न भिजवता दूरच्या खडकावर पोचतो आणि मधल्या खाचेतून नऊच्या सुमारास पाणी मागून भरू लागते. बंदीपूर्वीच्या आठवड्यात यात मोसमी लाटेची भर पडते. गेटवे ते मांडवा ही प्रवासी जलसेवा याच सुमारास पावसाळ्यासाठी थांबवली जाते, कारण बंदर प्रशासनाला समुद्राचा अंदाज आलेला असतो.

पूर्व किनाऱ्यावर चित्र वेगळे आहे. चेन्नई, विशाखापट्टणम येथे बंदी १५ एप्रिललाच सुरू होते आणि १४ जूनला संपते, त्यामुळे मेअखेरीस तेथील नौका आधीच किनाऱ्यावर असतात. गोव्यात मुंबईच्याच तारखा लागू आहेत आणि मांडवी, झुआरीच्या काठी गळाने मासे धरणे हा पावसाळ्यापूर्वीचा नित्याचा प्रकार आहे. तेथेही बंदीची व्याख्या नौकेभोवतीच फिरते. केंद्राने दोन्ही किनाऱ्यांसाठी तारखा ठरवताना वीणीचा हंगाम हाच आधार धरला होता. साधन कोणतेही असो, मासा तोच राहतो.

महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. किमान आकाराच्या आदेशात जिताड्यासारख्या लिंग बदलणाऱ्या माशांसाठी कमाल आकाराचा एक स्तंभ वाढवणे, मे आणि जून महिन्यांत किनाऱ्यावरील गळाची नोंद घेणारी साधी पाहणी सुरू करणे, आणि विहारपथावर फलकांच्या गर्दीत तिथी, भरतीची वेळ व संरक्षित माशांची चित्रे दाखवणारा आणखी एक फलक लावणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पाहणीसाठी सर्वांत योग्य दिवस दशमी ते द्वादशीचे; त्या सकाळी सारे गळ टाकणारे आपणहून एका ठिकाणी जमलेले असतात.